कांडीवरचा डाग

६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ अगदी नक्की आहे, कारण चहा अजून का आला नाही म्हणून मी घड्याळाकडेच बघत होतो. तिने माझ्या ट्रेमधला गोल बुडाचा चंबू उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "हा धुतलायस तू?"

"हो."

"मग माझ्याच डोळ्यात काहीतरी गेलं असेल," असं म्हणून ती हसली.

दुसरं कुणी असं बोललं असतं तर ट्रे तिथेच आदळून मी चालता झालो असतो. पण तिच्या हसण्यात टोमणा नव्हता. निदान मला तरी सापडला नाही, आणि टोमणे शोधण्यात मी पटाईत आहे.

चार महिने झाले या संस्थेत काचेची भांडी धुतोय. फाटकावर पितळी अक्षरांत 'राष्ट्रीय रसायन संशोधन संस्था' असं भारदस्त नाव आहे, आणि मी तळमजल्यावरच्या मोरीत. चार महिन्यांत ती माझ्याशी 'इथे ठेव' आणि 'थांब, फरशी ओली आहे' यापलीकडे बोलली नव्हती. आज अख्खी दोन वाक्यं. वर आणखी एक. तिने खणातून कांडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "हिलाही जरा बघ. किती वर्षांचा मळ आहे कुणास ठाऊक."

कांडी म्हणजे औषधाच्या कॅप्सूलएवढा लोहचुंबक, पांढऱ्या प्लास्टिकात मढवलेला. चंबूत टाकायची, खालचं यंत्र सुरू केलं की गरागरा फिरते आणि आतलं ढवळत राहते. तिच्या कांडीच्या एका टोकाला काळपट डाग आहे, पेन्सिलीने गिरवल्यासारखा.

ती काय करते ते मला कळतं. दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलोय, अगदीच ढ नाही. रेणूचे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे असतील तर एरवी पॅलेडियम नावाचा धातू लागतो. तो दुर्मीळ, आणि औषधात त्याचा कण जरी राहिला तरी पंचाईत. तिने ते तुकडे धातूशिवाय जोडून दाखवलेत. एकदा नाही, सात वेळा. मोठ्या सरांनी पेपर पाठवूनसुद्धा दिलाय. अख्ख्या मजल्यावर तिचंच नाव.

आणि सगळे तिला 'ताई' म्हणतात. शिपाई, माळी, ग्रंथालयवाले, झाडून सगळे. 'मॅडम' म्हटलेलं तिला चालत नाही, म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणे. मी चार महिन्यांत तिला काहीच म्हटलेलं नाही. वाक्यं अशी वळवतो की हाक मारायची वेळच येत नाही. 'चंबू झालेत', 'ट्रे कुठे ठेवायचा'. ताई मी तिला मेलो तरी म्हणणार नाही.


८ फेब्रुवारी, बुधवार

डाग जात नाही. साबण झाला, अ‍ॅसिटोन झाला, दुपारभर पातळ आम्लात ठेवून झाली. शेवटी चंबूकाकांना दाखवली. चंबूकाका म्हणजे आमच्या मोरीचे राजे, एकतीस वर्षं चंबूच धुतायत. त्यांनी कांडी नखाने खरवडली, नाकाशी धरली (सगळंच नाकाशी धरतात, त्यामुळे आता त्यांना कशाचाच वास येत नाही) आणि मान हलवली.

"हा जायचा नाही, लेका. कांडी सगळं पिऊन बसते. जे जे ढवळलं ते तिच्या अंगात. त्या टेबलावर आधी दाढीवाला होता ना, त्याने दोन वर्षं हीच गरगर फिरवली. त्याच्या त्या धातूची काजळी आहे ही."

दाढीवाल्यावर काका एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. त्याने कोणता नळ कसा तोडला इथपर्यंत जातात. मी ऐकायचं सोडलं. म्हणालो, "नवी आहे का?"

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? कामासाठी."

काकांनी खणातून नवी कोरी कांडी काढली, अगदी त्याच मापाची, दुधासारखी पांढरी. "ने. आणि जुनी टाकून दे."

जुनी टाकली नाही. माझ्या कंपासपेटीत ठेवली. तिच्या हातातली वस्तू आहे. हे वाचून कुणी हसेल, पण ही वही कुणी वाचणार नाही.


९ फेब्रुवारी, गुरुवार

तिने कांडी उचलली, फिरवून पाहिली आणि तिचे डोळे असे मोठे झाले! "अगं बाई, निघाला की डाग! कसा काढलास?"

सांगणार होतो. शपथेवर सांगतो, 'नवी आहे' हे शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात ती म्हणाली, "या मजल्यावर मनापासून काम करणारा तू एकटाच दिसतोस."

मी म्हणालो, "घासला."

आता यात खोटं म्हणजे काय? घासला तर होताच. निघाला नाही, एवढंच.


१३ फेब्रुवारी, सोमवार

तिची सगळी भांडी आता मी वेगळी धुतो. तीन वेळा साबण, तीन वेळा साधं पाणी, तीन वेळा शुद्ध पाणी, मग भट्टीत. चंबूकाका म्हणाले, "लग्नाला न्यायचेत का रे?"

तिचं मात्र गेल्या आठवड्यापासून काही जमलेलं दिसत नाही. गुरुवारी एक प्रयोग केला, शुक्रवारी एक. दोन्ही गेले. आज तिसरा. जोडणी झाली की काचेच्या छोट्या पट्टीवर, जांभळ्या दिव्याखाली, निळा ठिपका चमकतो. ठिपका नाही. ती पट्टी दिव्याखाली कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत होती. मला वाटलं, भांड्यांत अजून काहीतरी राहत असणार. उद्यापासून चार चार वेळा धुतो.


१६ फेब्रुवारी, गुरुवार

पाचवाही गेला.

तिने सगळं बदलून पाहिलं. नवा द्रावक, नवी पावडर, दुसरं तापमापक. मी ट्रे लावत होतो तेव्हा स्वतःशीच मोजत होती, "चंबू तेच, कांडी तीच, हात माझेच. मग बदललं काय?"

मी चंबू रांगेत लावत राहिलो. तिला बोलायला नाही, ऐकायला माणूस हवं होतं, असं वाटलं.

समोरच्या टेबलावर एक जण बसतो, त्याला मी पलीकडचा म्हणतो. मला 'अर्धवट' हे नाव त्यानेच ठेवलं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून, असं तो म्हणतो. दुसरा अर्थ मला कळत नाही असं त्याला वाटतं. आज तो तिला म्हणाला, "अगं, तुझ्या हातून सात वेळा जादू झाली असेल. जादू संपली."

ती हसली नाही. मला त्याचं नाक दिसत होतं, फक्त नाक.


२० फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस.

पेपर ज्यांच्याकडे तपासायला गेला होता त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत करून पाहिलं. शून्य. मोठ्या सरांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि मी बाहेर भांड्यांचा गाडा घेऊन उभा होतो. (मुद्दाम उभा होतो.)

सर म्हणाले, "मी सरळ विचारतो, राग मानू नकोस. ते सात आकडे खरे आहेत ना?"

"सर, म्हणजे?"

"म्हणजे घाईत कधी कधी माणूस जुळवतो."

मग ती म्हणाली, "मी जुळवलेले नाहीत."

"सहा मार्चला समिती येईल. तिघं जण. त्यांच्यासमोर करून दाखव. नाही झालं तर पेपर जाईलच, पण गोष्ट पेपरवर थांबणार नाही. तुझी पदवी, तुझी जागा, सगळंच."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी गाडा घेऊन प्रयोगशाळेत परतलो, मागे दार सोडून दिलं आणि ते धाडकन बंद झालं. त्या दाराला जबरदस्त स्प्रिंग आहे. हँडल शेवटपर्यंत धरून ठेवलं नाही तर तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. 'दार हळू लावा' अशी पाटी आहे त्यावर. मी ती कधीच पाळलेली नाही.

'जुळवणं' हा शब्द मला नवा नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "हे आकडे जुळवलेले आहेत." मी हातातली ब्युरेट, ती मापाची काचनळी, टेबलावर टाकली, "तुम्हीच करा मग," म्हणालो आणि दार आपटून निघालो. परत गेलोच नाही. घरी सगळ्यांना सांगितलं, माझ्यावर खोटा आळ घेतला.

तीन आकडे होते. दोन खरे होते. तिसरा मी जुळवला होता. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पण तिचे सातही खरे आहेत. मला माहीत आहे. मग कुणीतरी तिचं काम बिघडवतंय. दुसरं काय असणार?


२३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला!

जेवणाच्या सुट्टीत ट्रे परत ठेवायला गेलो तर पलीकडचा तिच्या टेबलाशी. तिचा खण उघडा. त्याने आत काहीतरी सरकवलं, खण बंद केला आणि मला बघून दचकला. "काय रे अर्धवट, जेवायला नाही गेलास?"

"तुम्ही नाही गेलात?"

"चाललोच," म्हणाला आणि शीळ घालत गेला. कान लाल झाले होते.

मी खण उघडला. वहीखाली घडी घातलेली चिठ्ठी. 'जेवलीस का? नसशील तर आधी जेव, मग जगाशी भांड.'

एवढंच. आता याचा अर्थ काय? तिची खिल्लीच ना? तिच्या पोटात अन्न जात नाहीये आणि हा चिठ्ठ्या लिहून मजा बघतोय. आणि खण उघडायची याची हिंमत होते म्हणजे त्यात आणखी काय काय मिसळत असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठी होती तशी ठेवली. उगाच संशय नको.


२६ फेब्रुवारी, रविवार

वहिनी कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "वहिनी, माझा एक मित्र आहे."

"बरं. तुमचा मित्र."

"तो एका मुलीच्या ऑफिसात आहे. तिथे दुसरा एक जण तिच्या खणात चिठ्ठ्या टाकतो."

"काय लिहितो?"

सांगितलं. वहिनीच्या हातातला शर्ट हातातच राहिला. मग तिने तो जरा जास्तच काळजीने झटकला. "भावजी, तुमच्या मित्राला सांगा, जेवलीस का असं विचारणारा माणूस वाईट नसतो."

"तुला तिथलं काही माहीत नाही."

"तिथलं नाही, पण माणसांचं थोडंफार आहे. आणि मित्राला हेही सांगा, की त्या मुलीने त्याला अजून काही विचारलेलं नाही."

मी आत गेलो. दार लागलं. बाहेरून वहिनीचा आवाज, "बिजागरी गेली की तुम्हीच बसवा आता!"


१ मार्च, बुधवार

केलं.

दोन वाजता मजल्यावर कुणी नव्हतं. पलीकडच्याचा मोठा चंबू शेगडीवरून उतरवून ठेवला होता, लालसर, मधासारखा. तीन आठवडे तो त्याच्यावर काम करतोय. मी बूच काढलं आणि सगळा चंबू कचऱ्याच्या कॅनमध्ये उपडा केला. बघू दे त्यालाही कसं वाटतं. मग चंबू धुवून, वाळवून, होता तिथे ठेवला. माझं काम मी नेहमीसारखं स्वच्छ केलं.

 


२ मार्च, गुरुवार

मला वाटलं होतं तो आरडाओरडा करेल. तो रिकाम्या चंबूकडे बघत स्टुलावर बसून राहिला. मोठे सर आले, आणखी दोघं आले. मग सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या, तिच्याकडे. तिचं काम होत नाही, त्याचं चाललंय, समिती चार दिवसांवर. ती पांढरीफटक पडली.

तेवढ्यात पलीकडचा म्हणाला, "सर, माझ्याच हातून सांडलं असेल. आठवत नाही."

"आठवत नाही? तीन आठवड्यांचं काम?"

"झोप कमी झालीय सध्या," तो म्हणाला. "पण तिने नाही. ते डोक्यातून काढा."

मी दाराशी गाडा घेऊन उभा होतो. हा असं का बोलला? तिचं काम बिघडवणारा हाच ना? मग आयती संधी का सोडली?

जेवण गेलं नाही.


३ मार्च, शुक्रवार

हे सावकाश लिहायला हवं.

आज मोरीत चंबूकाका बाटल्या घासता घासता म्हणाले, "त्या ताईचं बिघडलं कधीपासून रे? महिनाभर झाला?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही? तुला ती किती वाजता शिंकली तेही माहीत असतं."

घरी येऊन ही वही काढली, तारीख बघायला. मागची पानं उलटली. नऊ तारखेचा प्रयोग गेला. सात प्रयोग झाले ते सहा तारखेच्या आधी. मध्ये एकच पान. आठ तारीख. त्या पानावर माझ्याच अक्षरात चंबूकाका बोलतायत: कांडी सगळं पिऊन बसते. दाढीवाला. त्याच्या त्या धातूची काजळी.

मी कंपासपेटी उघडली. कांडी होती. काळा डाग होता.

दाढीवाल्याचा धातू कोणता होता हे विचारायला मी उठून सरळ चंबूकाकांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "कोण गेलं?"

"दाढीवाला कशावर काम करायचा?"

"पॅलेडियमवर. हे विचारायला आलास होय?"

तिने धातू कधी घातलाच नव्हता. तो आधीच आत होता, त्या डागात, चिमूटभरसुद्धा नाही, धुरासारखा. तेवढाच पुरत होता. सात वेळा तिचं काम त्या मळाने केलं आणि तो मळ मी काढून कंपासपेटीत ठेवला. मग तिने विचारलं, कसा काढलास, तर म्हणालो, घासला.

पलीकडच्याने काही केलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं. फक्त मी.


५ मार्च, रविवार

दोन दिवस एकच विचार. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, पांढरी काढायची, काळी खणात ठेवायची. बस. निळा ठिपका येईल, समिती जाईल, पेपर छापून येईल, ती वाचेल. मला कुणी काही विचारणार नाही. पलीकडच्याचं तसंही 'सांडलंय'.

इतकं सोपं आहे की किळस येते. तिसरा आकडासुद्धा इतकाच सोपा होता.

पण हा आकडा माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. मग चालेल ना? चालेल.

ठरलं.


६ मार्च, सोमवार

सगळं आजच लिहितो, जसं झालं तसं.

साडेसातला पोचलो. ती माझ्याआधीच आली होती. टेबल लख्ख, वही उघडी, कोट घातलेला. खणापाशी जायला वाटच नव्हती. समिती साडेनऊला.

"लवकर आलास? बरं झालं. एक चंबू दे, सगळ्यात स्वच्छ."

चंबू दिला. ती पांढऱ्या कांडीकडे हात नेणार इतक्यात मी खिशातून काळी काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही घाला. काही विचारू नका. हीच घाला."

तिने बघितलं. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. ती कांडीच्या टोकाकडे बघत राहिली आणि हळूहळू खाली स्टुलावर बसली.

"ही कुठे होती?"

"माझ्याकडे. आठ तारखेपासून. तुमच्याकडे आहे ती नवी आहे. मी घासली नाही, बदलली. खोटं बोललो."

"का?"

या 'का'चं उत्तर माझ्याकडे चार महिन्यांपासून तयार होतं, चांगलं पाठ केलेलं. ते तसंच राहिलं. म्हणालो, "तुम्ही खूश झाला होतात."

"या टेबलावर माझ्याआधी..." ती म्हणाली, आणि मग घरातल्या कुणाचं काही वाईट कळावं तशा आवाजात, "पॅलेडियम."

"मी कुणालाही सांगितलेलं नाही. कधी सांगणारही नाही. घाला, होईल."

"होईल," ती म्हणाली. "ठिपका येईल. सगळे टाळ्या वाजवतील. मग जगात जो कुणी करून बघेल त्याला येणार नाही, कारण कांडी माझ्या खणात." तिने ती बोटांत फिरवली, एकदा, दोनदा. बाहेर जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली आणि गेली. तिने मूठ मिटली. खरं सांगतो, तिने ती चंबूत टाकावी असंच मला वाटत होतं.

ती एकदम म्हणाली, "तू कॉलेज का सोडलंस रे?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं. ते गिळलं. "तिसरा आकडा जुळवला होता. मास्तरांनी पकडलं. मी भांडून निघालो."

"आणि खरं सांगितलं असतंस तर?"

"परत करायला लावलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठली, डोळे बाहीने पुसले आणि म्हणाली, "दुसरा चंबू आण. तसलाच."

साडेनऊला समिती आली. दोन पुरुष, एक पिकल्या केसांच्या बाई, मागे मोठे सर. पलीकडचा आपल्या टेबलाशी उभा. तिने दोन्ही चंबू शेजारी शेजारी लावले, दोन्हींत तेच पदार्थ, तेच माप. मग दोन्ही कांड्या चिमट्यात धरून दाखवल्या. "ही नवी. ही जुनी, माझे सातही प्रयोग हिच्यावर झाले. मला वाटतं माझा शोध चुकीचा आहे. तीन तास थांबलात तर खात्रीने सांगते."

सर म्हणाले, "हे काय नवीन?"

पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, "थांबू या. खुर्ची आहे का?"

खुर्ची मी आणली. तीन तास. दोन कांड्या दोन चंबूंत एकाच वेगाने फिरत होत्या आणि त्यांचा बारीक टकटक आवाज. एकदा पलीकडच्याने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. ती न बघता प्यायली, आपल्याच घरातला ग्लास असावा तशी. मी ते बघितलं आणि वहिनीच्या हातातला शर्ट आठवला.

पावणेएक. पट्ट्या जांभळ्या दिव्याखाली ठेवल्या. नव्या कांडीची पट्टी कोरी. जुन्या कांडीच्या पट्टीवर निळा ठिपका, टपोरा, बेशरम.

"म्हणजे धातू होताच," बाई म्हणाल्या.

"होता."

"म्हणजे शोध नाही."

"नाही."

"आणि ते सात आकडे?"

"सातही खरे."

बाईंनी पट्टी अजून एकदा बघितली. "ते दिसतंय," म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मोठे सर चष्मा पुसत होते. "पेपर मागे घ्यावा लागेल. पण तुझ्या नावाचा प्रश्न आता उरत नाही."

"माझ्यापुरता तो आधीही नव्हता, सर," ती म्हणाली.

मग सर म्हणाले, "पण कांडी बदलली कुणी?"

माझं नाव तिने घेतलं नाही. मी पुढे झालो. "मी. आणि बुधवारी यांचा चंबू," पलीकडच्याकडे बोट करून म्हणालो, "तोही मीच ओतला. सांडला नव्हता."

पलीकडचा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"का?"

मी तिच्याकडे बघितलं. नको होतं बघायला, पण बघितलं. माझी नजर गेली तिकडे त्याचीही गेली, आणि त्याला कळलं. चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"तीन आठवडे होते रे, अर्धवट," तो म्हणाला. या वेळी त्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

खाली जाऊन रबरी हातमोजे खिळ्याला टांगले. चंबूकाकांनी माझा हात हातात घेऊन नाकाशी धरला. "साबणाचा वास येतोय," म्हणाले. त्यांना वास येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटचा ट्रे वर नेऊन दिला. समिती गेली होती. ती एकटीच वहीत लिहीत बसली होती, तारीख घालून, पहिल्या ओळीपासून. काळी कांडी एका छोट्या बाटलीत ठेवून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. मी ट्रे जागेवर ठेवला. वाक्य वळवायचं सुचलं नाही. वळवायचंही नव्हतं.

"येतो, ताई."

तिने मान वर केली. बहुधा तिला काही वेगळं वाटलंच नसेल, सगळेच म्हणतात. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवलास का?"

"नाही," मी खरं ते सांगितलं.

"जेव आधी."

मी बाहेर पडलो. दाराची स्प्रिंग हातात ओढ देत होती. हँडल शेवटपर्यंत धरून ठेवलं, आणि दार लावलं.